केल्पमधून वर येताना

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी. माझा नवरा मंदार तर माझ्याहून पक्का. हे वाचून तो हसला असता... तरी लिहिते.

आम्ही अमेरिकेत, बेलव्ह्यूला राहतो. राहायचो. दोघंही आयटीत. मुलगी कॉलेजला गेली, घर शांत झालं आणि मंदारने स्कूबा डायव्हिंगचं खूळ घेतलं. मलाही ओढलं. पाण्यात आम्ही एकमेकांचे बडी, म्हणजे एकाने दुसऱ्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही.

मागच्या सप्टेंबरमधली शनिवारची सकाळ. अनाकॉर्टसच्या बंदरातून बोटीने बेटांकडे गेलो. बोटीवर आम्ही दोघं, कॅप्टन रॉन आणि त्याची बायको. ऊन छान होतं, समुद्र शांत. उतरण्याआधी मंदार म्हणाला, जरा ॲसिडिटी झाल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, मग आज कॅन्सल करू. तो म्हणाला, "अगं, एवढं काही नाही. चल."

केल्प म्हणजे समुद्रातलं शेवाळच, पण झाडाएवढं उंच. तळापासून वरपर्यंत दोरखंडासारखे देठ, आणि वर पानांचं छत. त्यातून ऊन हिरवं होऊन खाली येतं. मंदार पुढे, मी मागे. एकदा वळून त्याने बोटांनी ओकेची खूण केली. मीही केली. मग एका दाट पुंजक्यामागे तो गेला... आणि मी तिथे पोचले तर नाही.

त्याला शोधायला गर्रकन वळले आणि माझ्या सिलिंडरला मागून केल्प अडकलं. जितकी ओढत होते तितकं आवळत होतं. श्वास जोरात चालला होता. तेवढ्यात लांबून लोखंडावर ठोकल्यासारखा आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. कळेना कसला ते.

आणि मंदार समोर आला.

मास्कमधून त्याचे डोळे दिसत होते. त्याने माझ्या खांद्यावरून हात मागे नेला, केल्प सोडवलं, माझा हात धरला आणि अंगठ्याने वर चलायची खूण केली. जाड ग्लोव्हमधूनही त्याची पकड कळत होती. मी घाई करायला लागले की तो हात दाबायचा... हळू. डोक्यावर उजेड पसरला तेव्हा त्याने हात सोडला.

मी पाण्यावर आले. एकटीच.

बोट जवळच होती. डेकवर रॉन गुडघ्यांवर बसून कुणाची तरी छाती दाबत होता. शिडीपाशी आले तेव्हा मंदारच्या पायातले निळे फिन्स दिसले.

रॉनच्या बायकोने मला वर ओढलं. मी एकच म्हणत होते, "He was with me. आत्ता, आत्ता." तिला वाटलं मी शॉकमध्ये आहे. नंतर रॉनने सांगितलं की मंदार बराच आधी वर आला होता, पालथा, हालचाल नव्हती. त्याला बोटीवर घेतल्यावर मला बोलवायला रॉनची बायको शिडीवर लोखंडी रेंच ठोकत होती.

म्हणजे तो ठक ठक आवाज. जो मी ऐकला, आणि *त्यानंतर* मंदार माझ्यापाशी आला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. बहुधा पाण्याखाली असतानाच गेला. घाबरल्यावर मेंदू काहीही दाखवतो, असंही म्हणाले. मान्य. केल्प आपसूक सुटलं असेल, तेही मान्य. पण ती पकड?

मंदारची आई नाशिकला असते. महिन्याभराने गेले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्या बराच वेळ माझा हात कुरवाळत बसल्या. मग विचारलं, "हात आधी कोणी सोडला गं?"

म्हटलं, "त्याने, आई. मी नाही सोडला."

एवढंच मला नक्की ठाऊक आहे. बाकीचं तुमच्यापैकी कुणाला समजलं, तर मला सांगा.