& च्या पुढचं

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांना सगळे टक्केकाका म्हणत. व्याजबट्ट्याशी काडीचा संबंध नाही हो! तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म त्यांनीच बनवलेला. कुठे बिनसलं, की मराठी मजकुराच्या जागी टक्क्याची चिन्हं आणि आकडे यांची रांग पडद्यावर उमटायची. बाकीचे कपाळाला हात लावत, आणि काका चहा पितापिता ती रांग सरळ करत.

एक खोट मात्र त्यांनी कधीच काढली नाही. फॉर्म पाठवला, की नाव, फोन, तक्रार या सगळ्यांची एकच लांब ओळ होते आणि दोन रकान्यांच्या मधे खूण म्हणून & बसतं. आता माणसानंच तक्रारीत & लिहिलं, तर त्याचं आधी %26 करून पाठवायला हवं. ते राहिलं, तर पलीकडच्या यंत्राला वाटतं, झाली तक्रार संपली. पुढचं सगळं गडप! दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीची. काकांनी ती डोळे झाकून केली असती.

मग केली का नाही? तर पेंटरबाईंमुळे. बाईंनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला. अमुक & मंडळी, तमुक & बंधू. हात त्याच वळणाचा झालेला. त्यांची पहिली तक्रार आली ती एवढीच: 'माझ्याकडचा स्वयंपाकघरातला'. काकांनी फोन लावला.

"अहो, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीतला, दोन्ही नळ गळतायत!" बाई कडाडल्या. "तुमच्या यंत्रानं गिळली की काय माझी न्हाणी?"

काका कितीतरी दिवसांनी खळखळून हसले. "बाई, ते & नका घालू. तिथेच तुटतं," त्यांनी समजावलं.

बाई ऐकतील तर शपथ! नंतरची तक्रार तुटकी, त्यानंतरचीही तुटकी. दर वेळी काका फोन करत, आणि नळावरून गाडी रंगांवर जाई, रंगांवरून गुडघ्यांवर. बायको गेल्यापासून काकांच्या दोन खोल्यांत टीव्हीखेरीज कुणी बोलत नव्हतं. कामाशिवाय त्यांच्याशी बोलणारी ही एकच बाई. म्हणून ती खोट राहिली. लाज वाटायची, पण राहिली.

मग एके दिवशी एक तरुण आई तान्ह्याला खांद्यावर टाकून खिडकीशी आली. "गढूळ पाण्याची तक्रार केली होती मी! बाळाला जुलाब होतायत हेही लिहिलं होतं. कुणाला पाझर कसा फुटत नाही?"

काकांनी तक्रार काढली. 'पाणी गढूळ येतंय'. बस्स. वाक्य पुरं वाटत होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही आणि तक्रार रांगेत पडून राहिली. बाळाचं सगळं & च्या पुढे होतं. काकांनी तिथल्या तिथे तिच्या गल्लीत टँकर पाठवायला लावला, साहेबांकडे जाऊन चूक कबूल केली आणि जेवायला न उठता ती ओळ दुरुस्त केली. बाळ पुढे बरं झालं.

त्यानंतर सगळ्या तक्रारी अख्ख्या येऊ लागल्या. बाईंचीही आली: 'मीटरची काच फुटली आहे & आकडा दिसत नाही'. यात विचारायचं काय? काकांनी माणूस पाठवला. पुढच्या वेळीही तसंच. नंबर तोंडपाठ होता, पण कारणाशिवाय परक्या बाईला फोन करायचा कसा? त्या दिवसांत घरी ते टीव्हीचा आवाज वाढवून बसत आणि एक शब्द ऐकत नसत.

मग बाईंचा आणखी एक फॉर्म आला.

'नळ ठीक आहे & मीटर ठीक आहे. तुम्ही सांगितल्यापासून मी & मुद्दाम घालते. ते घातलं की तुमचा फोन येतो. आता घातलं तरी येत नाही. माझं काही चुकलं का?'

काकांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोला," बाई म्हणाल्या. "या वेळी कुठे तुटलं?"

"कुठेच नाही," काका म्हणाले. "या वेळी सगळं पोचलं."