आमदार लग्नाला आले नाहीत

गुरुबसप्पा हलकुडे पाच वर्षं आमदार होते. मतदारसंघ कर्नाटकच्या सीमेला लागून, उदगीरच्या मोंढ्यात वडिलांची आडत, त्याआधी दोन वेळा बाजार समितीचे संचालक. निवडून आले तेव्हा वय त्रेपन्न. लोक त्यांना साहेब म्हणत नसत, अप्पा म्हणत.

आमदाराचं मुख्य काम लग्नांना जाणं आहे, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. पत्रिकेवर 'प्रमुख उपस्थिती' म्हणून नाव छापलेलं असतं आणि ते कुणी विचारून छापत नाही. मांडवात शिरलं की माईकवाला नाव पुकारतो, मंगलाष्टकं थांबतात. अक्षता टाकायच्या, नवरीच्या बापाचा हात हातात घ्यायचा, फोटो काढायचा आणि पुढच्या गावाला निघायचं. त्यांचे स्वीय सहायक मुकुल उमरीकर नांदेडचे, संगणकाचं शिक्षण घेतलेले. त्यांनी लग्नांचा तक्ताच बनवला होता. गाव, मुहूर्त, रस्ता कसा आहे, गावात मतं किती. मोठ्या तिथीला चौदा लग्नं बसत, दर लग्नाला सात मिनिटं. अप्पा जेवायचे फक्त शेवटच्या गावात.

चौथ्या वर्षी नागम्मा नावाची एक बाई कार्यालयात आली. तिची सून बाळंतपणासाठी तालुक्याच्या रुग्णालयात गेली होती. मूल आडवं होतं, लातूरला न्यायला सांगितलं, आणि रुग्णवाहिकेतच बाळ गेलं. सून वाचली.

"टेबल हाय, दिवा हाय, चिरणारा डॉक्टर बी हाय," नागम्मा म्हणाली. "भूल देणारा तेवढा न्हाई. लातूर लई लांब पडतंय, अप्पा."

अप्पांनी चौकशी केली. भूलतज्ज्ञाचं पद सहा वर्षांपासून रिकामं होतं. त्यांनी विधानसभेत प्रश्न टाकला. असे हजारो प्रश्न जातात आणि थोडेच सभागृहात उत्तरासाठी लागतात. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अप्पांचा प्रश्न लागला, यादीत आठवा. अप्पा पहिल्यांदाच आमदार झालेले, पण तासाभरात चार किंवा पाच प्रश्न होतात एवढं त्यांना माहीत होतं.

त्याच दिवशी मतदारसंघात अकरा लग्नं होती.

"आठवा न्हाई येत," अप्पा म्हणाले. "लेखी उत्तर येईल. गाडी काढा."

मुकुलरावांनी मागच्या दोन अधिवेशनांचे आकडे काढून दाखवले. आठवा प्रश्न एकदाही आला नव्हता. रात्रभर प्रवास करून दोघं गावाकडं पोचले.

त्या दिवशी सभागृहात पहिले दोन प्रश्न एकत्र घेतले गेले. एक राखून ठेवला. दोन प्रश्नांचे सदस्य हजर नव्हते, बहुधा तेही लग्नांनाच गेले असावेत. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी अप्पांचं नाव पुकारलं गेलं. पुन्हा एकदा पुकारलं गेलं. मग नववा प्रश्न सुरू झाला. त्याच मिनिटाला अप्पा एका मांडवात अक्षता टाकत होते आणि कुणीतरी फोनवरून ते थेट दाखवत होतं. संध्याकाळपर्यंत विरोधकांनी सभागृहातली आणि मांडवातली अशा दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी जोडून गावोगाव पाठवल्या.

लेखी उत्तर आलं. पद रिक्त आहे, हे खरे आहे. भरण्याची कार्यवाही सुरू आहे.

नागम्मा पुन्हा आली. बसायला सांगितलं तरी बसली नाही. "लग्न तुमच्याबिगर बी लागतंय अप्पा," ती म्हणाली. "हे तुमच्याबिगर कोण इचारणार?"

अप्पांनी त्या उत्तरावर अर्धा तास चर्चेची सूचना दिली. मार्चमध्ये मुंबईला ती मंजूर झाली. तारीख कळली तशी मुकुलरावांनी तक्ता पुढं ठेवला. त्या दिवशी एकच लग्न होतं, महादेवप्पांच्या मुलीचं. महादेवप्पा बाजार समितीतले जुने सोबती, बावीस गावं त्यांच्या शब्दातली. मागच्या वेळी अप्पा त्याच गावांवर निवडून आले होते.

महादेवप्पा स्वतः घरी आले.

"पत्रिकेत तुमचं नाव माझ्या बापाच्या नावाच्या वर छापलंय," ते म्हणाले.

"मी आदल्या दिवशी येतो ना. हळदीला दिवसभर बसतो."

"हळदीला बायका बसतेत, अप्पा. मांडवात लोक इचारतील, कुठं हायत आमदार? मी काय सांगू, भूल देणारा आणायला गेलेत?"

"तसंच सांगा."

"लोक हसतील मला."

अप्पांच्या पत्नी रत्नम्मा चहा घेऊन आल्या होत्या. "मी येते लग्नाला," त्या म्हणाल्या.

"या की, वैनी. पण मतं अप्पांना दिलेली हायत," महादेवप्पा म्हणाले. कपाला हात न लावता ते उठले.

चर्चा संध्याकाळी सहा पन्नासला सुरू झाली. सभागृहात नऊ सदस्य होते. अप्पा अकरा मिनिटं बोलले. दोनदा अडखळले, वर्षभरात लातूरला पाठवलेल्या बायकांचा आकडा वाचून दाखवला आणि खाली बसले. तीन महिन्यांत पद भरू, असं मंत्र्यांनी सांगितलं. पाचव्या महिन्यात नांदेडच्या भूलतज्ज्ञ डॉ. मालविका आल्या, अकरा महिन्यांच्या करारावर.

त्यानंतर अधिवेशन चालू असताना अप्पांनी लग्नं घेणं बंद केलं. पुढच्या निवडणुकीत ते दोन हजार तीनशे अकरा मतांनी पडले. महादेवप्पांच्या बावीस गावांत ते एकोणतीसशेंनी मागं होते. प्रचारात महादेवप्पा जास्त काही बोलत नसत. "अप्पा मोठे माणूस हायत," एवढंच म्हणत, "त्यांना टाइम न्हाई." लोक टाळ्या वाजवत.

डॉक्टरांचा करार एकदा वाढला होता, तेव्हा अप्पा आमदार होते आणि एका फोनवर काम झालं. दुसऱ्यांदा तो संपत आला तेव्हा ते माजी होते. नवे आमदार त्या आठवड्यात लग्नांत होते. अप्पा कागद घेऊन लातूरला आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेले. कारकुनानं बाहेरच्या बाकड्यावर बसवलं.

"या जागेवर तुमचं कोण आहे?" त्यानं विचारलं.

"कोणी न्हाई."

"मग कशाला फिरताय काका?"

अप्पांनी नाव सांगितलं. कारकून उभा राहिला, पण सही करणारे अधिकारी बैठकीला गेले होते. तिसऱ्या खेपेला सही मिळाली, आणखी अकरा महिन्यांची. यानंतर नांदेडला परत जाणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं आहे. अप्पांनी दुसऱ्या भूलतज्ज्ञासाठी फोन करायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत चौघांनी नकार दिला. पाचव्यानं गाव लातूरपासून किती लांब आहे, एवढं विचारून घेतलं.