पेंटरचा एकच शब्द

पेंटरच्या बायकोला किळस पटकन यायची, आणि आलेली किळस पोटात ठेवायची सवय तिला नव्हती. पाल दिसली की "ई", दुधाची साय बोटाला चिकटली की "शी", कुणी धडधडीत खोटं बोलताना सापडला की "छी". "थू" मात्र ती जपून वापरायची. ज्याचं तोंडही पाहायचं नाही, त्याच्यासाठी. पेंटर याच्या अगदी उलट. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला. अक्षरं तो आखायचा, आतला रंग ती भरायची. गिऱ्हाईक भलताच भडक रंग मागायचं, ही कपाळाला हात लावायची, आणि हा म्हणायचा, "असू दे गं, त्याची पाटी आहे." उभ्या संसारात त्याच्या तोंडून तिने कधी "शी" ऐकली नव्हती.

मग त्याला झटका आला. शिडीवरून उतरून चहा घेत होता, कप हातातून निसटला आणि तोंड वाकडं झालं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. दवाखान्यात तो नुसता बघत पडून राहायचा. एका सकाळी ती ओल्या फडक्याने त्याचा चेहरा पुसत होती, तेव्हा त्याने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि स्वच्छ म्हणाला, "शी!"

वॉर्डातली मावशी भांडं घेऊन धावत आली. भांडं कोरडंच राहिलं. "शी! शी!" तो सांगतच होता, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी तिला आणि तिच्या मुलाला शेजारी उभं करून समजावलं. "मेंदूतला बोलण्याचा भाग दुखावलाय. कधीकधी असा एखादाच शब्द शिल्लक राहतो. मनात काहीही असलं तरी बाहेर तोच पडतो. बाकी त्यांना सगळं कळतंय."

"मग आत्ता काय म्हणाले ते?" तिने विचारलं.

"ते तुम्हीच ओळखायचं. शब्दाकडे लक्ष देऊ नका, आवाजाकडे द्या."

ती शिकली. तुटक "शी" म्हणजे पाणी. लांबवलेली, खाली उतरत जाणारी "शी" म्हणजे पुरे झालं. आणि सकाळी डोळे उघडल्यावर तिच्याकडे बघून तो हळूच एक "शी" म्हणायचा, त्याचा अर्थ तिने कुणाला सांगितला नाही.

दवाखान्यातून मुलाने दोघांना आपल्या घरी नेलं. तिथे लिफ्ट होती, मोठी न्हाणी होती. पहिल्याच दिवशी सुनेने सूप केलं. पेंटरने चमचाभर घेतलं, चेहरा उजळला आणि म्हणाला, "शी!"

सुनेने वाटी आपटली. "मी सकाळपासून राबतेय ते हे ऐकायला?"

"अगं, आवडलंय त्यांना."

"आई, मला कान आहेत."

सुनेचं एक वेळ ठीक होतं, ती दवाखान्यात नव्हती. पण मुलगा? तो तर डॉक्टरीणबाईंसमोर मान डोलावत उभा होता. आता तो पेपरात डोकं खुपसून बसला, आणि पेंटरच्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने वाटी उचलून उरलेलं सूप पेंटरला भरवलं.

नात तेव्हा नुकती पावलं टाकत होती. ती आजोबांच्या खुर्चीला धरून उभी राहायची, तो तिच्या केसांवरून हात फिरवत "शी, शी" करायचा. एके दिवशी पोरीने दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "शी!" सुनेने तिला उचलून न्हाणीत पळवलं. पोर तिथे भोकाड पसरून रडली. बाहेर आणल्यावर पुन्हा खुर्चीकडे हात, पुन्हा "शी!" तिला मांडीवर घ्यायला हवं होतं, एवढंच.

संध्याकाळी मुलगा आईजवळ येऊन बसला. "आई, बाबांना जरा आतल्या खोलीतच ठेवू. पोरगी घाण बोलायला शिकतेय. उद्या ऑफिसमधली माणसं जेवायला येणार आहेत. दार लोटून घेतलं की झालं."

पेंटर समोरच बसला होता. त्याने काही म्हटलं नाही. तो एक शब्दही नाही. मान खाली घातली फक्त.

"दार लोटून?" ती उठलीच. "अरे, पाहुण्यांचे बूट घरात ठेवशील आणि बापाला आत कोंडशील? याच माणसाने शिडीवर उन्हात उभं राहून तुला शिकवलं. तुझी शी धुताना त्याने कधी नाक धरलं नाही, मी धरायची! त्याला काय झालंय ते तुला ठाऊक आहे, तरी बायकोसमोर तोंड उघडवलं नाही तुझ्याने. छी! शिसारी येते मला तुझी. घाण त्याच्या तोंडात नाही, तुझ्या मनात आहे."

"आई, हळू बोल, शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आत ती टेम्पो बोलावून पेंटरला घेऊन आपल्या जुन्या दोन खोल्यांत परतली. पुढच्या खोलीत डबे, ब्रश, अर्धवट पाट्या तशाच होत्या. ओळखीच्या दुकानदारांनी कामं दिली. आता आखायचंही तीच आणि रंगवायचंही तीच; तो खुर्चीतून बघायचा. तिची पहिली पाटी पुरी झाली, तेव्हा अक्षरं उताराला लागल्यासारखी दिसत होती. पेंटरने पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "शी."

"ही मात्र खरीखुरी शी आहे," ती म्हणाली. तो खांदे हलवत हसला. तिने पाटी पुसून पुन्हा आखली.

मुलगा हल्ली सुट्टीच्या दिवशी नातीला घेऊन येतो. सून येत नाही. एकदा तो म्हणाला, "झालं गेलं विसर ना, आई."

"नाही विसरणार," ती ब्रश न थांबवता म्हणाली. "पोरीला त्यांच्या मांडीवर दे आणि तू भांडी घास."

तो मुकाट्याने बाह्या सरसावत आत गेला.