चंपा हडकर आणि उन्हावर चालणारं घड्याळ

दादरच्या मार्केटमागे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली चंपा हडकरचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर काचेचं एक टेबल, मागे स्टूल आणि भिंतीवर लोंबणारे पट्टे. नवं गिऱ्हाईक आलं की आधी इकडेतिकडे बघतं आणि विचारतं, "घड्याळवाले कुठे गेलेत?" चंपा नुसता हात पुढे करते. "द्या इकडे." काहीजण देतात. काहीजण "जरा जाऊन येतो" म्हणत सटकतात. पूर्वी तिला ते लागायचं. आता ती मान खाली घालून पुढचं घड्याळ उघडायला घेते.

टेबल मुळात तिच्या नवऱ्याचं, रामदासचं. लालबागमध्ये एकेक गिरणी बंद पडत होती तेव्हा त्याने हा धंदा उचलला आणि त्यावर घर उभं केलं. गिऱ्हाइकांशी गप्पा मारण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. घड्याळ उघडायच्या आधी तो माणसाचं गाव काढायचा. त्यांची मुलगी श्रेया दहावीला होती त्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता रामदास मोरीपाशी कोसळला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं बिघडलं. तोंडातून शब्द निघायचे, पण भलतेच. चहा हवा असला तरी "पाणी", श्रेयाला हाक मारायची तरी "पाणी". त्याला सगळं समजतंय, फक्त हवा तो शब्द सापडत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चंपाने तेव्हा मान डोलावली होती.

घर चालवायचं म्हणून तिने हत्यारांची पेटी विकायला काढली. घेणारा दारात आला, तर रामदासने डोळ्याला लावायचं भिंग डाव्या मुठीत असं आवळून धरलं की सोडेचना. तो माणूस गेल्यावर त्याने ते भिंग चंपाच्या हातात ठेवलं आणि भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बोट दाखवलं. तिथून तिची शाळा सुरू झाली. चुकलं की तो टेबलावर थाप मारायचा, जमलं की हुंकार द्यायचा. सेल बदलणं, काच बसवणं, मशीन उघडून साफ करणं, सगळं ती या थापा आणि हुंकारांवर शिकली. मग ती दुकानात बसू लागली आणि तो घरी खिडकीपाशी. दिवसभर लोकांशी बोलून थकलेली चंपा संध्याकाळी घरी यायची आणि त्याने तोंड उघडलं की अर्ध्यातच त्याचं वाक्य पुरं करून टाकायची. "पाणी ना? देते. भूक लागलीय? वाढते." हळूहळू त्याने तोंड उघडणंच कमी केलं. घर शांत झालं, आणि त्या शांततेची तिला सवय झाली.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर एक दिवस मितेश आला. वरळी कोळीवाड्यातला, मालवाहू जहाजावर नोकरीला. त्याने मनगटावरून एक जाडजूड घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"वहिनी, सिंगापूरला घेतलं होतं. ह्याला चावी नाय, सेल बदलायचा नाय. उन्हावर चालतं. आणि टाइम वरनं घेतं, सॅटेलाइटकडनं."

"वरनं म्हणजे?"

"वर फिरतात ना उपग्रह, त्यांच्यात म्हणे एकदम अचूक घड्याळं असतात. ती सारखी टाइम सांगत असतात. ह्याने दिवसातनं एकदा तो ऐकायचा, स्वतःचे काटे जुळवून घ्यायचे. आपण कुठे आहोत तेही त्याला कळतं. जहाज कुठल्या देशाला लागलं की बटण दाबायचं, तिथला टाइम हजर."

"मग बिघडलं कुठे?"

"तेच ना! कोळीवाड्यात नाचताना काढून त्या मोठ्या स्पीकरवर ठेवलं, तेव्हापासून पाऊण तास मागे. सिग्नल घेतंय, तशी खूणही दाखवतंय, पण पाऊण तास मागेच. तारखेचं तर विचारूच नका. रात्री काट्यांवर सव्वाअकरा वाजले की तारीख बदलून मोकळं. पुढच्या आठवड्यात जहाजावर चढायचंय मला."

चंपाने घड्याळ ठेवून घेतलं खरं, पण मनातून ती चरकली. चावी नको, सेल नको, वेळ लावायला माणूसही नको. अशी घड्याळं प्रत्येकाच्या हातात आली तर या जिन्याखाली बसून ती काय करणार होती? दुपारी गल्लीत ऊन आलं तेव्हा तिने घड्याळ उघड्यावर धरलं, मितेशने दाखवलेलं बटण दाबलं. सेकंदकाटा थोडा वेळ शोधल्यासारखा थांबला, मग सिग्नल मिळाल्याच्या खुणेवर जाऊन उभा राहिला. वेळ मात्र पाऊण तास मागेच. तिने पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. शेवटी घड्याळ रुमालात बांधून ती घरी घेऊन आली.

श्रेया लोअर परळच्या ऑफिसातून नुकतीच आली होती. तिने मोबाइलवर त्या घड्याळाची माहिती काढली आणि चहा पिता पिता वाचून दाखवली. डायलमधून उजेड आत जातो, खालच्या सोलर पत्र्यावर त्याची वीज होते आणि ती साठून राहते. घड्याळ स्वतःही चालतं, पण महिनाभरात थोडं पुढेमागे होतंच. तेवढी चूक उपग्रहाची वेळ ऐकून ते रोज पुसून टाकतं.

"मग सिग्नलच चुकीचा येत असेल," चंपा म्हणाली. "तारीखसुद्धा सव्वाअकरालाच बदलते म्हणत होता तो. काहीच धड नाही त्याच्यात."

खिडकीपाशी बसलेला रामदास एकदम पुढे झुकला. "पाणी," तो म्हणाला. "पाणी!"

चंपाने पेला भरून पुढे केला. त्याने तो डाव्या हाताने ढकलला. पाणी लादीवर सांडलं.

"अहो, असं काय करता? बरं, चहा देऊ का?"

"आई, थांब ना जरा," श्रेया म्हणाली. "त्यांना बोलू दे की."

चंपा पेला हातात धरून तशीच उभी राहिली. किती वेळ वाट बघायची असते, हेही ती विसरून गेली होती. रामदासने खुणेने घड्याळ मागितलं. मांडीवर ठेवलं. तारखेच्या बारीक खिडकीवर बोट ठेवून त्याने मान हलवली: होय. मग काट्यांवर बोट फिरवून मान आडवी हलवली. पुन्हा तारीख: होय. पुन्हा काटे: नाही. मग घड्याळाची पाठ ठोकून, सगळा जोर लावून त्याने शब्द काढला, "आत. आत... बरा."

"तारीख बरोबर बदलतेय," श्रेया सावकाश म्हणाली. "म्हणजे आतमध्ये तेव्हा बाराच वाजलेले असतात. काटे फक्त सव्वाअकरा दाखवतात. स्पीकरच्या लोहचुंबकाने काटे सरकलेत, बाबा?"

रामदासने जुना, ओळखीचा हुंकार दिला.

पुढचं काम अवघड नव्हतं. काटे जागेवर आणायची रीत श्रेयाला मोबाइलवर सापडली: बाजूची खुंटी ओढायची, बटण दाबून धरायचं आणि काटे बरोबर बारावर आणून ठेवायचे, म्हणजे मोजणी कुठून सुरू करायची ते घड्याळाला कळतं. चंपाने भिंग लावलं, रामदास शेजारी सरकून बसला. तिची घाई झाली तशी टेबलावर थाप पडली. काटे बारावर बसले, तिने खुंटी आत ढकलली, आणि काटे आपणहून गर्रकन फिरत जाऊन आत्ताच्या वेळेवर थांबले. रामदास हसला. डाव्या बाजूनेच, पण पोटभर.

मितेश घड्याळ न्यायला आला तेव्हा चंपा त्याला समजावत होती. "त्याला टाइम पहिल्यापासून ठाऊक होता. रोज वरनं बरोबर ऐकत होतं. बाहेर दाखवताना तेवढं चुकत होतं, आणि आपण समजलो की..." ती रुमालाने घड्याळाची काच पुसू लागली. मितेश गोंधळून बघत राहिला. "काही नाही," ती म्हणाली. "आमच्या ह्यांनी ओळखलं. परत स्पीकरवर ठेवू नका म्हणजे झालं."

त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केलं. घरी जाऊन रामदाससमोर बसली आणि म्हणाली, "उद्यापासून दुकानात येता?" आणि या वेळी उत्तर तिने स्वतः दिलं नाही. त्याला वेळ लागला. "पाणी" आलं, ते त्याने स्वतःच हात झटकून उडवून लावलं. शेवटी तो म्हणाला, "खुर्ची."

स्टूलवर त्याला तोल सांभाळता आला नसता, हे तिच्या ध्यानात तेव्हा आलं. शेजाऱ्यांकडून हाताची खुर्ची आणली. आता सकाळी टॅक्सीने दोघं दादरला जातात. पहिले काही दिवस कठीण गेले. गिऱ्हाइकं त्याच्याशी मोठमोठ्याने बोलत, नाहीतर त्याच्या डोक्यावरून चंपाकडे बघत. "कान ठणठणीत आहेत त्यांचे," ती सांगे. "विचारा त्यांनाच. जरा थांबावं लागेल." काहीजण थांबत नाहीत. जे थांबतात त्यांना कधी मानेनं, कधी बोटानं, कधी एखाद्या नेमक्या शब्दानं उत्तर मिळतं.

परवा एक बाई सासऱ्यांचं चावीचं घड्याळ घेऊन आल्या. मशीन गंजलं होतं. "नवं टाकू," चंपा म्हणाली. रामदासने थाप मारली. "अहो, हे जुनं मशीन नाही चालायचं आता." पुन्हा थाप. "हट्ट नका करू उगाच!"

"तू... नको," तो अडखळत म्हणाला, कपाळाला आठ्या घालून, "मी... मी..."

बाई संकोचून "नंतर येते" म्हणाल्या. चंपाने त्यांना हाताने थोपवलं. ती चांगलीच चिडली होती, गाल तापले होते, आणि तरी हातातला चिमटा खाली ठेवून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत.