आवळीखालचं दही

दही मी लावलं होतं, हे आधीच सांगून टाकते. आदल्या दिवशी संध्याकाळी दूध कोमट करून, बोट घालून बघून, मातीच्या गाडग्यात. नंतर ज्याने त्याने आपापली बाजू सांगितली, तेव्हा म्हटलं माझीही कुठेतरी लिहिलेली असावी. आमच्या घरातल्यांनी मिळून केसाने माझा गळा कापला, आणि त्याला लागलेलं दहीसुद्धा माझ्याच हातचं वापरलं.

आम्ही झाशीचे. म्हणजे सासर झाशीचं. मी जळगावहून लग्न होऊन इथे आले, ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत. शेजारीपाजारी सगळे हिंदी-बुंदेली बोलणारे, मराठी फक्त आमच्या उंबऱ्याच्या आत. नवरा रेल्वेत होता, आता रिटायर. नात त्यांना आबा म्हणते, म्हणून आताशा मीही आबाच म्हणते. मुलगा आणि सून नोएडाला नोकरी करतात. सून ग्वाल्हेरची, मराठीच, पण राग आला की हिंदीत बोलते. आणि त्यांची मुलगी, माझी नात, माझ्याकडे. सुनेची रजा संपली तेव्हा ती पाळण्यातली होती. "आई, थोडेच दिवस," म्हणत सुनेने तिला माझ्या मांडीवर आणून ठेवलं. त्या थोड्या दिवसांत पोरीचे दात आले, पडले, पुन्हा आले, आणि ती दुसरीत गेली.

मी कुरकुर केली नाही. खोटं कशाला बोलू, मला तर हवंच होतं. गुडघे दुखायचे तरी तिच्यामागे जिने चढत होते. सकाळी शाळेची घाई असली की ती स्टुलावर बसून ओरडायची, "आजी, मेरी वेणी घट्ट घाल, नहीं तो मॅम डाँटती है." अर्धं मराठी, अर्धं हिंदी, पण 'वेणी' आणि 'घट्ट' हे शब्द माझे. तेवढ्यावर मी दिवसभर खूश.

आता दह्याचं. आमच्याकडे कुणी गावाला निघालं की हातावर दही द्यायचं. निघणाऱ्याने ते चाटायचं, मगच पाऊल बाहेर. मुलगा-सून सुट्टीला येत आणि परत निघत, तेव्हा मी दाराशी वाटी घेऊन उभी. एकदा मी मुलाच्या तळहातावर दही ठेवलं आणि या कार्टीने दोन्ही हातांनी बापाचं मनगट गच्च धरलं. हात तोंडाशी जाऊच देईना. आम्ही हसून हसून बेजार. मी म्हटलं, "शहाणी आहे माझी बाय! आजीचं दही चाटल्याशिवाय या घरातून कुणी जात नसतं." झालं, तिने ते मनाशी घट्ट बांधून ठेवलं. पुढच्या वेळी दह्याची वाटीच पिठाच्या डब्यामागे लपवली. बाप पोटभर रागावला, पण त्या दिवशी त्याची गाडी खरोखरच चुकली, आणि पोरीची खात्री पटली.

कार्तिकात आमचं आवळीभोजन असतं. आवळीच्या झाडाची पूजा करायची, बुंध्याला दोरा गुंडाळायचा, दिवा लावायचा आणि झाडाखाली बसून जेवायचं. दरवर्षी आम्ही लष्कराच्या छावणीत जायचो, आबांच्या एका मित्राच्या बंगल्याच्या आवारात. झाड चांगलं, रस्ते शांत, पण जोरात बोलायची चोरी. यंदा मुलाचा फोन आला, "आई, या वेळी ग्वाल्हेर रोडवरच्या बागेत जाऊ. मोकळी जागा आहे, झोपाळे आहेत. मी गाडी घेऊन येतो." म्हटलं, बरं बाई, झोपाळे तर झोपाळे. ग्वाल्हेरचा रस्ता पुढे दिल्लीला जातो, हे काय मला माहीत नव्हतं? पण डोक्यात यायला मनात संशय तरी हवा ना!

संशय यायला हवा होता, हे आता कळतंय. आदल्या दिवशी मी साटोऱ्या लाटत होते तर नात पाठीला चिकटून बसलेली. हलायला तयार नाही. मधेच म्हणाली, "आजी, तुला व्हिडिओ कॉल आपल्या मनाने लावता येतो का?" मी म्हटलं, "का गं, मला काय अडाणी समजतेस?" तिने पाठीला आणखी घट्ट मिठी मारली. आणि सकाळी डबे भरताना आबा स्वयंपाकघरात आले. म्हणे, "थोडं दही वेगळं काढ. साधंच, मीठ नको."

"कशाला?"

"ॲसिडिटी झालीये."

जन्मभर ठेचा भाकरीवर थापून खाणाऱ्या माणसाला ॲसिडिटी! पण मी मुकाट्याने लहान डबीत दही काढून दिलं. वर विचारलंही, "साखर घालू का?" म्हणाले, "चिमूटभर घाल." अशी मी भोळी.

पण दिवस छान गेला, तेही सांगायलाच हवं. तोच तर माझा संताप आहे. झाडाची पूजा झाली. नातीने दोरा घेऊन झाडाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की शेवटी आम्हीच तिला धरून बसवलं. मग बापलेकीचं क्रिकेट. आबांना बॉलिंग दिली तर त्यांचा चेंडू थेट सुनेच्या पानातल्या मसालेभातात. सून एवढी खळखळून हसली की मला वाटलं, पोरगी इतकी चांगली हसते आणि आपल्याला कधी दिसलीच नाही. नात झोपाळ्यावरून ओरडत होती, "आजी, जोरात! और जोरात!" मी पदर खोचून तिला झोके देत होते. खाली पडलेले आवळे आम्ही दोघींनी धुऊन खाल्ले आणि वरून पाणी प्यायलो. आवळ्यावर पाणी गोड लागतं, हे तिला दरवर्षी नव्याने नवल. "आजी, इसमें शक्कर कब डाली?" तेच दरवर्षीचं विचारणं, आणि माझं तेच उत्तर, "तू बघत नव्हतीस तेव्हा."

जेवणं झाली. मी सतरंजी झटकत होते. सहज मान वर केली तर गाडीच्या पलीकडे आबा नातीसमोर वाकून उभे. हातात ती लहान डबी. चमच्याने दही काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

मला क्षणभर काही कळेना. दही हातावर? आम्ही तर इथून घरी जाणार. घरी जायला कुणी दही देतं का? तेवढ्यात सतरंजी ठेवायला मुलाने डिकी उघडली. आत नातीचं शाळेचं दप्तर होतं. त्याच्याशेजारी मोठी सुटकेस, आणि तिच्यावर मी शिवलेली तिची गोधडी, घडी करून.

तळपायाची आग जी मस्तकात गेली! सतरंजी तिथेच टाकली. "काय चाललंय हे?"

मुलगा म्हणाला, "आई, तिची ॲडमिशन झालीये तिकडे. सोमवारपासून शाळा. आम्ही इथूनच निघतोय."

"इथूनच?"

"घरून निघालो असतो तर तू तमाशा केला असतास."

तमाशा! तोंडावर म्हणाला. ज्याच्या पोरीच्या गोवराच्या तापात मी उशाशी बसून राहिले, तो मला तमाशा करणारी म्हणाला. मी सुनेकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती. "आई, गलत मत समझिए," म्हणाली. "ती मोठी होतेय. मला तिची आठवण येते हो. मीही तिची आईच आहे ना?"

"मग मी कधी नाही म्हटलं?" मी ओरडलेच. "तुमची पोर आहे, न्या! वाजतगाजत न्या! पण मला सांगून न्या. मी काय तिला दावणीला बांधून ठेवणार होते? रडले असते, दोन दिवस जेवले नसते, मग उठून लाडू वळले असते तिच्या डब्यासाठी. तिची सुटकेस तरी मला भरू दिली असती! कुणी भरली ती?"

यावर सगळे आबांकडे पाहायला लागले.

या माणसाला स्वतःचा बनियान कपाटात सापडत नाही. मी शेजारी भजनाला गेले होते, तेव्हा त्याने नातीचे स्वेटर, फ्रॉक, मोजे घडी घालून सुटकेसमध्ये भरले, आणि ती पलंगाखाली सरकवून ठेवली. मी त्याच पलंगावर येऊन बसले, पाय चोळले, आणि म्हटलंही, "आज बरं वाटतंय." आणि हा माणूस म्हणाला, "छान."

"तुझं बीपी वाढतं," आबा आता पुटपुटले. "डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"माझं बीपी माझ्यापाशी! ॲसिडिटी म्हणालात ना मला? माझ्याच हातचं दही घेतलंत, तेही साखर घालून?"

त्यांनी डबीचं झाकण घट्ट लावलं. सगळं पचवलं असतं या माणसाने, पण दह्याशिवाय पोरीला निरोप देणं त्याला जमलं नाही. ते एवढं जमलं असतं तर मी डिकीत डोकावलेही नसते, आणि गाडी निघून जाईपर्यंत मला काही कळलंच नसतं. बागेच्या फाटकाशी आमच्या गल्लीतला ऑटोवाला येऊन उभा होता, आम्हा दोघांना घरी न्यायला. "अम्माजी, चलें?" म्हणाला. त्यालाही आधीपासून ठाऊक होतं. गल्लीतल्या ऑटोवाल्याला ठाऊक, मला नाही!

मी ठरवलं, आता यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही. जायचं तर जा. मी झाडाकडे तोंड करून उभी राहिले.

तेव्हा मागून पदर ओढला गेला. नात होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली, बोटांच्या फटींतून दही गळून फ्रॉकवर पडत होतं. मूठ तिने माझ्यासमोर धरली.

"आजी, मैंने नहीं चाटा. बघ." तिचे डोळे चमकत होते. "आबांनी दिलं, पण मी खाल्लं नाही. मुझे सबने बोला, आजीला सांगू नकोस, आजी रडेल. मी नाही सांगितलं. पर मैंने खाया भी नहीं. आता गाडी नाही ना जाणार?"

म्हणजे तिलाही ठाऊक होतं. आदल्या दिवशी पाठीला चिकटून बसली होती ती त्यासाठी. पण सगळ्यांनी मिळून माझ्याशी जे केलं, त्यात ही एकटी माझ्या बाजूने मूठ आवळून उभी राहिली होती. माझ्याच शब्दावर विसंबून. आजीचं दही चाटल्याशिवाय या घरातून कुणी जात नसतं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मुलगा, सून, आबा, फाटकातून तो ऑटोवालासुद्धा. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता, "नाही जाणार," एवढाच, तर पोरीने झाडाला मिठी मारली असती आणि कुणाची बिशाद नव्हती तिला उचलायची. मनात आलं होतं. खरंच सांगते, अगदी ओठांवर आलं होतं. चांगली अद्दल घडली असती सगळ्यांना. पण मग सुनेचा चेहरा दिसला. ती हात पुढे करायलाही घाबरत होती, स्वतःच्या मुलीकडे.

मी बाटलीतल्या पाण्याने पोरीचा हात धुतला. पदराने पुसला. आबांच्या हातातून डबी ओढून घेतली, पुन्हा चमचाभर दही काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"खा," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं मी थट्टा करतेय. थोडी हसलीसुद्धा. मग हसू गेलं.

"खा बाय. उशीर होतोय."

तिने चाटलं. हळूहळू, सगळं, माझ्यावरची नजर न काढता. मग वळली आणि गाडीत जाऊन बसली. खिडकीसाठी दरवेळी भांडणारी पोर, मधल्या सीटवर मुकाट्याने बसली. सुनेने पायांना हात लावला, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी निघाली तेव्हा मी हात हलवला. काच वर होती.

ऑटोत आबा काहीबाही बोलत होते, पोचल्यावर फोन करतील, उन्हाळ्यात आपणही जाऊ. मी मांडीवर रिकामे डबे धरून बसले होते. आजही त्यांच्याशी माझं कामापुरतंच बोलणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल मीच लावला. आपल्या मनाने, कुणाची मदत न घेता. तिला दाखवायचं होतं, बघ, आजीला येतो. पडद्यावर मुलगा आला. मागे कुठेतरी ती दिसली, फ्रॉकचा कोपरा आणि एक वेणी, सैल घातलेली.

"दे ना तिला," मी म्हटलं.

तो मागे वळून काहीतरी बोलला. मग परत आला, घसा खाकरत.

"आई, ती येत नाही म्हणते."

"का रे?"

"म्हणते, दही आजीनेच दिलं."