खेकड्याचे दोन रुमाल

आमच्या घरात माझी ख्याती चांगली नाही. मी सांगितलेल्या गोष्टीतला साप दर दिवाळीला वीतभर वाढतो, असं बायको चारचौघांत सांगते. म्हणून हा मजकूर आधी तिलाच वाचायला दिला. तिने दोन वाक्यं खोडली आणि म्हणाली, "बाकीचं खरं आहे. रुमालाचं तर नक्कीच." तेव्हा तिच्या जबाबदारीवर पुढचं वाचावं.

मी महाडच्या शाळेत शास्त्र शिकवतो. भूत, चकवा, देवचार... कुणी असलं काही सांगू लागलं की मी त्याला वेळ विचारतो, उजेड किती होता ते विचारतो, आणि तो माणूस कंटाळून उठून जातो. वीस वर्षं हा उद्योग केला. पण आठ-नऊ वर्षांपूर्वीच्या वैशाखातल्या एका दुपारबद्दल मला कुणी असंच विचारलं, तर वेळ सांगता येते – सव्वा वाजला होता. उजेड म्हणाल तर डोळे दिपवणारं ऊन. आणि पुढे माझी गाडी अडते.

महाड ते पोलादपूर अकरा मैल. दिवसाकाठी चार-पाच मोटारी. त्या मोटारींतून माणसं जात, तशा जिनसाही जात – माहेरचा डबा, विसरलेला चष्मा, औषधाची बाटली. ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, घर सांगायचं, तो पोचवायचा. त्याला तसं बंधन नव्हतं, पण सहसा नाही कुणी म्हणत नसे. नीट विचारावं लागे, एवढंच. आणि नेमकं तिथेच माझं अडलं.

शिवराम ड्रायव्हरची जीभ त्या रस्त्यावर प्रसिद्ध होती. बुटका, काळासावळा गडी. डावी भुवई मधोमध तुटलेली. कुणी उशिरा हात दाखवला तर खिडकीतून ओरडायचा, "आता दाखवतोस? जा, चालत ये मागनं!" एखादी म्हातारी म्हणाली, 'जरा थांब रे, आमचा म्हातारा येतोय', तर हा गाडी सुरू करून, "त्याला उद्याच्या गाडीनं पाठव गो!" एकदा मी ओली छत्री घेऊन चढलो. भरल्या गाडीत म्हणाला, "मास्तर, छत्री तरी मिटा, नायतर तुम्ही उतरा. तिला बसूंद्या." गाडी खदखदून हसली. पहिल्या बाकावर माझे दोन विद्यार्थी होते... तेही हसले.

मी स्टँडवरच्या तक्रारवहीत तीन पानं लिहिली. मधे एक संस्कृत सुभाषितही घातलं. शिवरामाला वरून ताकीद आली. त्यानंतर महिनाभर आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत नव्हतो. मला वाटे, मी जिंकलो.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला पोलादपूरहून आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने घरी चिठ्ठी आणून दिली. तिथल्या डॉक्टरांची होती. माझी धाकटी बहीण सुमन पोलादपूरला दिलेली. नवरा मुंबईला नोकरीत, घरी ती, तिची सासू आणि पाच वर्षांची बेबी. चिठ्ठीत तीनच ओळी – 'बेबीला घटसर्प. लस माझ्याकडे संपली आहे. मिळेल त्या पहिल्या गाडीने पाठवा.'

घटसर्प म्हणजे काय हे आईबापांना सांगावं लागत नसे. घशात पडदा धरतो आणि श्वास कोंडतो. मी धावत दवाखाना गाठला. कंपाउंडरने कपाट धुंडाळून एक बाटली काढली. "मास्तर, महाडात ही एकच आहे," तो म्हणाला. लेबल लिहिताना घाईत शाईचा थेंब पडला, तो तसाच पसरला. "उन्हात तापू देऊ नका. ओल्या फडक्यात ठेवा."

मी खिशातला रुमाल भिजवला. हा रुमाल बायकोने लग्नानंतर पहिल्या वर्षी भरला होता. कोपऱ्यात तांबड्या दोऱ्याचं कमळ. तिच्या मते कमळ. पाकळ्या अशा काही वाकड्या निघाल्या की तो उघड उघड खेकडा होता. तिने पुन्हा कधी भरतकाम केलं नाही. तो रुमाल बाटलीला गुंडाळून मी स्टँडवर आलो.

साडेबाराची गाडी उभी होती. वऱ्हाडाने ठासून भरलेली, नवरदेव मुंडावळ्या सावरत खिडकीशी. आणि ड्रायव्हरच्या जागी... शिवराम.

आता इथे शहाण्या माणसाने हात जोडले असते. मी काय केलं? वर्गातला आवाज काढला. "हे पाहा ड्रायव्हर, हे जरुरीचं पार्सल पोलादपूरला द्यायचं आहे. नीट न्या."

शिवरामाने माझ्याकडे न बघता विडी विझवली. "वहीत लिवा."

"म्हणजे?"

"वहीत लिवा, मास्तर. 'पार्सल पोचवावे.' वरून हुकूम आला का नेतो. आमी काय, हुकमाचे ताबेदार!"

"मग मला तरी चढू द्या."

"पाय ठेवायला जागा नाय. नवऱ्याच्या मांडीवर बसताव काय?"

वऱ्हाड हसलं. मी लाल झालो, आणि 'जबाबदारी', 'नागरिक' असले शब्द बोलत बसलो. घड्याळाचा काटा तिकडे पुढे सरकत होता. गाडी हलली तेव्हा कुठे माझ्या तोंडून खरी गोष्ट निघाली. "अहो शिवराम, घटसर्प आहे हो पोरीला!" मी गाडीबरोबर धावू लागलो. मागच्या खिडकीतून एका म्हातारीने हात बाहेर काढला. तिची बोटं ओल्या रुमालाला लागली... आणि गाडीने वळण घेतलं.

धुरळा खाली बसला. बाटली माझ्याच हातात होती. माझ्या अहंकारापायी पोरगी जाणार, हे एवढं एकच वाक्य डोक्यात घुमत होतं. ते कसं विसरणार?

शेजाऱ्याची सायकल मागितली. बाटली सदऱ्याच्या आतल्या खिशात, वरून हात दाबलेला. सायकलीची चेन दर मैलाला उतरत होती. दिसेल त्या विहिरीवर रुमाल पुन्हा भिजवून घेत होतो. राजेवाडीच्या पुढे वळण घेतलं, तर रस्त्याच्या कडेला मोटार एका अंगावर कलून उभी! टायर फुटला होता. वऱ्हाड आंब्याच्या सावलीत. नवरदेव रडकुंडीला आलेला. गाडीखालून दोन पाय बाहेर दिसत होते. माझ्या घंटीसरशी पायांचा धनी बाहेर आला. शिवराम. कोपरापर्यंत काळा.

"किती वेळ झाला?" मी वऱ्हाडातल्या एका गृहस्थांना विचारलं.

त्यांनी घड्याळ पुढे केलं. पावणेदोन. "एकला दहा कमी असताना फुटला. एक्स्ट्रा चाक आहे, तेही बसकं. तेव्हापासून हा बाबा इथंच खटपटतोय."

"मास्तर," शिवराम म्हणाला, "जरा थांबा..."

मी थांबलो नाही. 'वहीत लिहा' असं म्हणायचं मनात होतं, पण तेवढा दम उरला नव्हता.

पोलादपुरात शिरलो तेव्हा तीन वाजायला आले होते. सुमनच्या दारात पोचलो, सायकल तशीच आडवी टाकली. आतून रडणं ऐकू येतंय का, याचा कानोसा घेत उंबरठ्यावर उभा राहिलो. डॉक्टर ओटीवर बसून चहा पीत होते.

"या मास्तर," ते म्हणाले. "वेळेवर पाठवलीत हो. सव्वाला टोचली. आणखी तास गेला असता तर मग माझ्या हातात काही नव्हतं."

"काय टोचलं?"

"लस. तुम्ही पाठवलेली."

सुमनच्या सासूबाई, माई, आतून आल्या. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीचा खणखणीत. "मास्तर, ड्रायव्हरांची उगाच निंदा करता तुम्ही. इतका सभ्य माणूस! चपला बाहेर काढल्या. 'आई, ही बाटली घ्या, मास्तर मागनं येतायत, त्यांच्यावर रागवू नका' म्हणाला. पाणी देत होते, तर घेईना. म्हणाला, 'गाडी उभी हाय.'"

"कसा होता दिसायला?"

"बुटका. डावी भुवई तुटलेली."

डॉक्टरांनी मान डोलावली. "बाटली मीच घेतली त्याच्या हातून. हात काळे होते. मी म्हटलं, चाक बदलत होतास की काय? नुसता हसला."

मी सदऱ्यात हात घातला. माझी बाटली बाहेर काढून ओटीवर ठेवली. डॉक्टरांनी चहाची बशी खाली ठेवली आणि आतून दुसरी आणली, रिकामी. दोन्हींवर तेच अक्षर. दोन्हींवर शाईचा तोच पसरलेला थेंब, त्याच जागी, तशाच आकाराचा. दुसरीला गुंडाळलेला रुमाल माईंनी खुंटीवर वाळत घातला होता. कोपऱ्यात तांबडा खेकडा. शेजारी काळ्या ग्रीसचा अंगठा उमटलेला.

आतून बेबीचा श्वास ऐकू येत होता. घरघर होती, पण चालू होता. आम्ही बराच वेळ तोच ऐकत बसलो.

साडेतीनच्या पुढे कधीतरी हॉर्न वाजला. मी स्टँडवर गेलो. शिवराम खाली उतरला, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानेच विचारलं, "पोरगी कशी हाय?"

"वाचेल म्हणतात."

तो पायरीवर मटकन बसला. काळ्या हातांनी तोंड पुसलं, तोंडही काळं झालं.

"शिवराम... तुम्ही सव्वाच्या सुमाराला कुठं होतात?"

"कुठं म्हंजे? गाडीखाली! इचारा की वऱ्हाडाला. हललो नाय मी तिथून." मग खालच्या आवाजात म्हणाला, "घटसर्प म्हनालात ते ऐकलं मी, मास्तर. पन तवर ऍक्सिलेटरवर पाय दाबला गेला व्हता. पुढं राजेवाडीपातुर तुम्हाला शिव्या घातल्या, मंग सोताला घालाय लागलो. तेवढ्यात टायर फुटला. गाडीखाली पडलो व्हतो ना, तर मनानं धा डाव त्या पोरीकडं जाऊन आलो."

मी त्याला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "चला घरी. पोरीला बघून घ्या."

दाराशी येताच माई म्हणाल्या, "आलास पुन्हा? आता तरी पाणी घे हो. मघाशी तसाच पळालास."

शिवराम उंबरठ्याबाहेर थिजला. माझ्याकडे बघितलं, माईंकडे बघितलं. "आई," तो म्हणाला, "ह्या दारात मी आज पयल्यांदा येतोय." माई हसल्या, त्यांना ती थट्टा वाटली. मग त्याची नजर खुंटीवरच्या रुमालाकडे गेली. तो जवळ गेला, काळ्या डागासमोर आपला अंगठा धरला. लावला नाही, नुसता धरला. पाण्याचा तांब्या त्याने घटाघटा रिकामा केला आणि निघून गेला.

बेबी आठ दिवसांत हिंडू लागली. आता मराठी सातवीत आहे, आणि गणितात माझ्यावर गेली आहे, म्हणजे कच्ची आहे. भरलेली बाटली मी परत केली. कंपाउंडर अजून शपथेवर सांगतो की त्याने एकच दिली. दोन्ही रुमाल आमच्या कपाटात आहेत. ग्रीसचा डाग बायकोने सोडा घालून, उकळून पाहिला, निघाला नाही. आणि ती म्हणते, "असला खेकडा माझ्या हातून दोनदा होणं शक्य नाही." याबाबतीत मी तिच्याशी पूर्ण सहमत आहे.

शास्त्राचा मास्तर म्हणून मी सगळं करून पाहिलं. वऱ्हाडातल्या चार जणांना गाठून विचारलं, अंतरं मोजली, वेळा मांडल्या. उत्तर येत नाही. तक्रारवहीत शिवरामाची स्तुती लिहायची म्हणून एकदा बसलो, तर कोणत्या शिवरामाची, तेच कळेना. वही मिटली.

शिवराम बदलला म्हणावं, तर जीभ तशीच आहे. मात्र तेव्हापासून महाड स्टँडवरून गाडी काढण्याआधी तो दर खेपेला पायरीवर उभा राहून ओरडतो, "पोलादपूरला कुनाचं काय न्यायचं हाय का? आत्ता बोला!" कुणी बोललं नाही, तर आणखी एकदा ओरडतो. लोकांना वाटतं, माणूस मऊ झाला.

गेल्या वर्षी मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसलो होतो. गाडी सुटल्यावर हळूच विचारलं, "शिवराम, दोन-दोनदा कशाला विचारता?"

त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"आपल्या हातानं न्हेलेलं बरं, मास्तर," तो म्हणाला. "आपन नाय म्हटलं, तर कोन घेऊन जातो... काय ठावं."