साहेबांच्या अंघोळीला गेलेला वाफा

तिसऱ्या दिवशीही वाफा साफ. संध्याकाळी मी चांगला वीतभर पाला अंथरून गेलो होतो, आणि सकाळी खाली नुसती काळी माती. कमरेवर हात ठेवून मी बघतच राहिलो.

मी तेव्हा वर्ध्याला सरकारी बंगल्यांच्या बागा बघायचो. हॉर्टिकल्चर असिस्टंट. पद भारी वाटतं, पण हाताखाली एक माळी आणि एक गळका पाइप. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. आमच्या साहेबांच्या बंगल्यामागे शिरसाचं पोखरलेलं झाड स्वयंपाकघरावर झुकलं होतं. ते आम्ही पाडलं, बुंधा उपटला, खड्डा भरला. पण आपली माती काळी. उघडी पडली की भेगाळते, आणि भेगेत चप्पल जाते. त्यावर उपाय मल्च. मल्च म्हणजे मातीचं पांघरूण. पाला, ढलप्या, कुटार, जे मिळेल ते रोपांभोवती जाड अंथरायचं. ओल टिकते, भेगा पडत नाहीत, पुढे त्याचंच खत होतं. मी पाच कर्दळी लावल्या आणि त्याच शिरसाचा पाला न्‌ कुऱ्हाडीनं उडालेल्या ढलप्या अंथरल्या.

घाई अशी होती की रविवारी नागपूरहून मोठे साहेब यायचे होते. चहा मागच्या अंगणात.

"वानखडे," आमचे साहेब म्हणाले, "रविवारी मागे ओसाड दिसलं तर सिरोंच्याला एक जागा रिकामी आहे."

माझ्या लग्नाला सहा महिने झालेले. बायकोला सिंदी मेघ्याच्या शाळेत नुकती नोकरी लागलेली. सिरोंचा म्हणजे ती इथं आणि मी पार तिकडं, आंध्रच्या सीमेवर.

पहिल्या दिवशी मी गाईंवर आळ घेतला. कुंपणाच्या फटीत काटे लावले. दुसऱ्या दिवशी चौकीदार सुखदेवला धरलं.

"सुखदेव, तुझ्या बकरीनं खाल्लं."

"पाला खाल्ला असन साहेब. पण ढलप्या? बकरी आहे ते, वाळवी नाई!"

मुद्दा बरोबर होता. म्हणून चौथ्या दिवशी पहाटेच नालवाडीतल्या घरून सायकल हाणत आलो. थंडीनं दात वाजत होते. कुंपणावरून डोकावलो, आणि चोर दिसला.

साहेबांची आई! हिवाळ्यापुरती गावाहून, रोहण्याहून आलेली. हातात खराटा. खर्रखर्र सगळा वाफा झाडला, टोपलीत भरला, आणि मागच्या अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातला. वर हंडा. दारात खांद्यावर टॉवेल टाकलेले साहेब.

"आई, पाणी झालं काय?"

"झालं रे. या ढलप्या मोठ्या गुणाच्या आहेत. रोज पाणी कसं कडक होऊन राह्यलं!"

माझी चार दिवसांची मेहनत साहेबांच्या अंगावरून वाहत मोरीत चालली होती. हसावं की रडावं तेच कळेना.

ऑफिसात गेलो. "साहेब, मल्च सापडलं."

"कोणी नेलं?"

"तुम्ही. अंघोळीला."

सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा एवढासा झाला. शंभर माणसं ज्यांना टरकायची ते साहेब हळूच म्हणाले, "आईले मी नाही सांगू शकत. तुम्हीच सांगा."

"आणि त्यांनी नाही ऐकलं तर?"

"सिरोंचा," साहेब म्हणाले.

घ्या! गेलो आजीकडे.

"आजी, ते झाडू नका. मल्च आहे."

"कचरा होय तो, बाबू. दिसते ना मले."

"रोहण्याले हळदीच्या वाफ्यावर पाला टाकता ना तुम्ही? तसंच."

"टाकतो. पण ते वावर होय, हे अंगण होय! पाला तसाच ठेवला तं लोकं काय म्हणतीन? रोहण्याची बुढी आयतं खाऊन राह्यली!"

शेवटी हात जोडले. "आजी, माही बदली होईल. बायको इथं एकटी राहील."

आजीनं विचारलं, "काय करते ते?"

"शाळेत मास्तरीण आहे."

"बरं, नाई झाडत. पण पाहुणे येतीन तवा अंगण अंगणावानी दिसलं पाहिजे. ते तू माह्यावर सोड."

खुशीच्या भरात शेवटचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही.

रविवारी तीनला पोचलो. बाप्पा! मल्च गायब. सगळा वाफा शेणानं गुळगुळीत सारवलेला. त्यातून पाच कर्दळी वर आलेल्या, प्रत्येकीभोवती पाण्यासाठी आळं, आळ्याभोवती रांगोळी, आणि मधोमध हे मोठं कमळ. बोट खुपसून पाहिलं. पाला खाली जसाच्या तसा होता. पुस्तकाप्रमाणे हे साफ चूक. मल्च मोकळं पाहिजे, त्याला लिंपत नाहीत. पण तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

मोठे साहेब कप हातात घेऊन फिरत फिरत वाफ्यापाशी आले. "हे काय आहे?"

आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"मल्च होय ते," मागून आजी म्हणाली. "खाली पाला, वर शेण. ओल राहाते, पाला उडत नाई, अन् पाहुण्यापुढं लाज नाई वाटत. तुमच्या नागपूरले नाई करत काय?"

मोठे साहेब वाकले. सारवणावर टकटक केलं. "व्हेरी गुड! देशी मल्च! आयडिया कोणाची?"

"आमच्या वानखड्यांची," साहेब छाती काढून म्हणाले.

सिरोंचा टळलं. त्या संध्याकाळी बायकोला मी सिंदी मेघ्याच्या शाळेपर्यंत सायकलवर डबलसीट फिरवून आणलं. शाळा बंद होती, पण तिथंच आहे हे बघून बरं वाटलं. पंधरा दिवसांनी मात्र ऑर्डर आली. सगळ्या बंगल्यांत असंच मल्च करावं, देखरेख वानखडे. तो अख्खा हिवाळा मी सायकलच्या कॅरिअरला शेणाची बादली बांधून हिंडलो. रांगोळी बायकोनं शिकवली, शाळेच्या पाटीवर ठिपके काढून. कमळ जमलं. मोर मी रिटायर होईपर्यंत जमला नाही.

पुढे कुठल्याही बंगल्यात बाग करायला गेलो की मातीची परीक्षा मी नंतर करायचो. आधी विचारायचो, या घरात सकाळी सगळ्यात पहिले कोण उठतं?